"अजून अंगावर पिती व्हय?"

बाळंतीण घरात आली की सगळं गाव तिच्या दुधाच्या मागं लागतं. अळिवाची खीर झाली का, डिंकाचा लाडू खाल्ला का, शेपूची भाजी पोटात गेली का, जेवल्यावर बाळंतशेपा चघळली का. आमच्या कोल्हापुरात त्यात अळणीची भर. मटण शिजल्यावर, मसाला पडायच्या आधी जे पाणी बाजूला काढतात ते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, वाटी घेऊन समोर उभ्या राहायच्या आणि वाटीचा तळ दिसल्याशिवाय हलायच्या नाहीत. "दूध उतरतंय न्हवं?" हे मला शेजारणीनं विचारलं, भाजीवालीनं विचारलं, सासऱ्यांच्या मित्रांनीसुद्धा बायकोकरवी विचारून घेतलं.

वर्ष झालं आणि तीच माणसं उलटी फिरली. "अजून अंगावर पिती व्हय?"

आमची चिमी २०१८च्या जानेवारीतली. ती अंगावरचं प्यायची थांबली तेव्हा तिला तीन वर्षं पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते. एवढे दिवस पाजायचं असं मी काही ठरवलेलं नव्हतं. सहा महिने फक्त अंगावरचं, पुढं वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्यानंतरही आईला नि बाळाला हवं तोवर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दवाखान्यातल्या पोस्टरवर मात्र पदर घेतलेली हसरी आई आणि मांडीवर चार महिन्यांचं गुटगुटीत बाळ. दात आलेलं, बोलणारं, भर बाजारात आईच्या कुर्त्याची चेन ओढणारं पोरगं काही मला कुठल्या पोस्टरवर दिसलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. २६ आठवड्यांची रजा संपवून कामावर गेले तेव्हा पोरगी नुकती नाचणीचं सत्त्व चाटायला लागली होती. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेगळा वेळ द्यायचा, असं तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात होतं. हे मला ठाऊक होतं, आमच्या एचआरच्या साहेबांना नव्हतं. छापील पान समोर ठेवल्यावर ते कानापर्यंत लाल झाले आणि "तुमच्या सोयीनं बघा मॅडम" म्हणून दुसऱ्या फायलीत घुसले. शिवाजी पेठेतून शिरोलीपर्यंत मूल रोज आणणं काही जमण्यासारखं नव्हतं. मग जुन्या व्हाउचरच्या खोलीत आतून कडी लावायची आणि ब्रेस्ट पंपानं दूध काढायचं. बाहेर साच्यांची वाळू आणि भट्टीची धग, आत मी आणि गेल्या कित्येक वर्षांची बिलं. काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. ऑफिसच्या फ्रिजमध्ये साहेबांच्या ताकाशेजारी माझा स्टीलचा डबा असायचा. एकदा शिपाई येऊन विचारून गेला, "मॅडम, ह्यातलं जरा चहाला घेऊ काय?" त्या दिवसापासून डब्यावर नावाची चिठ्ठी लागली.

पहिला वाढदिवस झाल्यावर पंप हळूहळू बंद केला. जेवढं ओढलं जातं तेवढंच बनतं, शरीराचा हिशेब सरळ असतो. सकाळी, संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, आणि रात्री, एवढ्यावर आमचं बसलं. संध्याकाळचं पाजणं हा माझाही आराम होता हे सांगून टाकते. चप्पल काढायची, हातपाय धुवायचे आणि भिंतीला टेकून बसायचं. त्या वेळेत कुणी कुकर लाव म्हणत नाही, की फोन उचल म्हणत नाही.

"वर्षानंतर दुधात काही नसतं, नुसतं पाणी," असं सांगणाऱ्यांत माझी एमएस्सी झालेली मैत्रीणही होती. एक ते दोन वर्षांच्या मुलाला जेवढी ऊर्जा लागते त्यातली सुमारे एक तृतीयांश आईच्या दुधातून मिळू शकते. ते काही पाणी नव्हे. पण उरलेलं ताटातून यायला हवं, आणि आमचं घोडं तिथं अडलं. चिमी सव्वा वर्षाची झाली त्या सुमारास तिचं हिमोग्लोबिन कमी आलं. घरातल्या सगळ्या नजरा माझ्याकडं वळल्या. डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं विचारलं. मी सांगत होते, आत्ती मधे भर घालत होत्या, आणि त्यांच्याच तोंडून निघालं की सकाळ-संध्याकाळ बशीत खारी बुडवून चहा असतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लोह आईच्या दुधात कमीच असतं, म्हशीच्याही दुधात कमीच. सहा महिन्यांनंतर ते जेवणातून यावं लागतं, आणि आलेलं चहा अंगी लागू देत नाही. "अंगावरचं चालू दे. फक्त ताटाआधी नको, ताटानंतर. चहा मात्र आजपासून बंद." येताना रिक्षात आत्ती एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनीच कलेजी आणवली, बारीक चुरून मऊ भातात कालवली, वर लिंबू पिळलं. लोहाचं औषध दिलं होतं, त्यानं शी काळी झाली की त्या रोज घाबरायच्या आणि रोज मला बोलावून दाखवायच्या.

प्रवासाचं थोडक्यात. माहेर गडहिंग्लजला, म्हणजे एसटी आलीच. स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, बाळाला पाजायला. एका स्टँडवर, कुठल्या ते राहू दे, त्या कक्षाला कुलूप होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव दारावर, आणि दाराला कुलूप! मी बाकावर बसून पदर घेतला. पाजायला साडीसारखं कपड्यांत दुसरं काही नाही. ते चेनवाले महागडे कुर्ते एका वर्षात फाटले आणि चेन पोरीच्या गालाला लागते ती वेगळीच.

मग २०१९चा ऑगस्ट आला. १ ते ७ ऑगस्ट हा दरवर्षी जागतिक स्तनपान सप्ताह. त्या वर्षी त्याच आठवड्यात पंचगंगा चढत गेली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर पोचलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला आणि माझं ऑफिस नदीपलीकडं राहिलं. आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं नाही, पण नळाचंही आलं नाही, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. शाहूपुरीतले पाहुणे पोराबाळांसह आमच्याकडे, टँकरच्या रांगेत कळशी, पिशवीचं दूध मिळेल त्या दिवशी. चिमी दीड वर्षाची होऊन गेलेली. तिच्यासाठी पाणी उकळा, बाटली धुवा, दूध कुठून आणा, यातलं काहीही करावं लागलं नाही. आत्ती पाहुण्यांना सांगत सुटल्या, "आमच्या पोरीचं घरचंच हाय की."

पूर ओसरल्यावर गल्लीत पोरांना उलट्या-जुलाब लागले, आमच्याही. त्या रात्री तिनं चमच्यातलं सगळं थुंकलं. ओआरएस, भाताची पेज, साधं पाणी, काही नाही. फक्त "आई, दुदू". दोन-चार घोट घ्यायची, मान टाकायची, थोड्या वेळानं परत दोन-चार घोट. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाजत राहा, ओआरएस मधूनमधून चमच्यानं देत राहा, पण लघवी थांबली किंवा डोळे खोल गेले तर वाट बघू नका, घेऊन या. लाईट नव्हती. नवरा मोबाईलच्या उजेडात दर थोड्या वेळानं तिच्याखालचं दुपटं चाचपत होता. पहाटे त्याच्या हाताला ओल लागली तेव्हा तो ज्या आवाजात "केलीन गं!" म्हणाला, तसा आनंद त्यानं कोल्हापूरच्या संघानं गोल केल्यावरच दाखवलेला मी बघितलाय. दुसऱ्या दिवशी ओआरएस पोटात टिकायला लागलं, पुढं चौदा दिवस झिंकचं औषध चाललं. त्यानंतर घरात "बंद कधी करणार" हा विषय बरेच महिने निघाला नाही.

निघाला तो लग्नात. २०२०ची फेब्रुवारी, कागलकडचं मंगल कार्यालय. चिमी दोन वर्षांची, जरीचं परकर-पोलकं घालून पंगतीतून पळत आली, माझ्या मांडीत चढली आणि सगळ्यांच्या देखत पदर वर करून आत शिरली. वाढपी बुंदी घेऊन समोर उभा. तो बिचारा वर पंख्याकडं बघत वाढून गेला. समोरच्या रांगेतून धाकटे दीर म्हणाले, "वैनी, आता बास की. पोरगी शाळंला जायाची झाली."

मी काही बोलायच्या आत आत्तींनी पत्रावळीवरून मान वर केली. "तू बालवाडीतनं मधल्या सुट्टीत पळत याचास प्यायला. इसरलास व्हय?" सगळी पंगत हसली. भावजींनी पुढची भजी खाली मान घालून खाल्ली.

आमचे हे भावजी रोज रात्री जेवण झालं की गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जातात. कोल्हापूरबाहेरच्यांना सांगायला हवं: आमच्याकडे रात्री म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि माणसं फेसाळ, कोमट, कच्चं दूध उभ्यानं पितात. मिशीला फेस लावून पिणारे पस्तिशी-चाळिशीचे पैलवान गडी बघायला लोक लांबून येतात, त्याचं कौतुक होतं. दुसऱ्याच्या म्हशीचं दूध चाळिशीतल्या बाप्यानं प्यायलेलं चालतं आणि स्वतःच्या आईचं दोन वर्षांच्या पोरीनं प्यायलेलं खुपतं. हे मी भावजींना तोंडावर म्हटलेलं नाही. नणंदेला म्हटलं, तिनं पोचवलं असणारच.

आत्ती माझ्या बाजूनं होत्या, पण त्यांचा एक वेगळाच हिशेब होता. पोरगी पिते तोवर दुसरं राहत नाही, मग नातू कधी? या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरचंच पीत असेल आणि पाळी परत आली नसेल तरच. माझी पाळी चिमीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आतच आली होती. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं की तो गॅलरीत निघून गेला.

मला स्वतःला लांबवायला एक कारण होतं, ते मी फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मावशीला स्तनांचा कॅन्सर झाला होता. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून एक निष्कर्ष छापून आला: आईनं एकूण जितकं पाजलं त्यातल्या दर बारा महिन्यांमागं तिचा हा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. एवढ्यानं कवच मिळत नाही, तपासणी करून घ्यावीच लागते. पण आमच्या घराण्यात एवढंही मला पुरेसं होतं.

इथवर वाचून वाटेल की त्रास सगळा बाहेरच्यांचा. तसं नव्हतं. बाहेरचे दोन वाक्यं बोलून जेवायला जातात. खरं अवघड गेलं ते घरात, दार लावल्यावर.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला. मी घरून काम करायला लागले आणि चिमीला वाटलं, आई आता चोवीस तास आपलीच. दिवसातून तीनदा पिणारी पोरगी तासातासाला मागायला लागली. कंटाळा आला की दुदू, पडली की दुदू, मी लॅपटॉप उघडला की हमखास दुदू. पिताना दुसऱ्या बाजूला हातानं चिमटे काढायचे, कुरवाळायचं. आणि मला एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. ती प्यायला लागली की डोक्यात तिडीक जायची. दुखायचं नाही, अंगावर किडे चालल्यासारखं वाटायचं, तिला ढकलून उठून जावंसं वाटायचं. पाळीच्या आधी चार-पाच दिवस तर फारच. ज्या पोरीसाठी जीव टाकते तिचा स्पर्श नको वाटतो, हे कुणाला सांगणार? शेवटी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरना फोनवर सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, होतं असं बऱ्याच जणींना, पाळीच्या आसपास, पुन्हा दिवस राहिले की, किंवा मूल मोठं झालं की. पाणी पी, नीट जेव, झोप काढ, आणि "नाही" म्हणायला शीक.

हे शेवटचं कुणी शिकवलेलंच नव्हतं. पहिल्या वर्षी बाळानं मागितलं की द्यायचं, एवढंच आपल्याला माहीत असतं. दोन वर्षांच्या मुलाला कळतं, थांबता येतं, रागावता येतं, आणि रागावून झाल्यावर परत मांडीत येता येतं. आम्ही नियम केले. बाहेर नाही. आई कामाला बसली की नाही. चिमटे नाहीत. या चिमट्यांवरून सगळ्यात जास्त रडारड झाली, कारण हाताला काहीतरी हवंच असायचं. मग मी तिच्या मुठीत मंगळसूत्राच्या वाट्या दिल्या. दोन वाट्या एकमेकींवर घासत, टिकटिक वाजवत ती प्यायला लागली. काळ्या मण्यांचा दोरा दोनदा तुटला, गादीखाली, कपाटामागं, डाळीच्या डब्यात अजून मणी सापडतात. पण तिडीक जवळजवळ गेली. नाही म्हणता यायला लागल्यावर हो म्हणताना परत बरं वाटायला लागलं, रात्रीचं पाजणं परत माझंही झालं.

त्या दिवसांत पोरगी पिता पिता तोंड सोडून बोलायची. "आई, ह्या बाजूचं गोड हाय, त्या बाजूचं झोपलंय." दूध संपलं की, "आता भरून ठेव, मी येतो." हो, येतो. कोल्हापूरची पोरगी.

सोडवायचं ठरवलं तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. कडुनिंबाचा पाला वाटून लाव, कोरफड लाव, कुंकू लावून रक्त आलंय म्हण, चिकटपट्टी मार. आई म्हणाली, आठ दिवस गडहिंग्लजला पाठव, विसरेल. मला ते पटेना. नियम करताना मी तिच्याशी खरं बोलत आले होते, आता शेवटी फसवायचं कशाला? शिवाय दूध एकदम तोडलं की छाती दगडासारखी भरते, गाठी होतात, ताप येतो. दूध आटायची गोळीही एका शेजारणीनं सुचवली. डॉक्टर म्हणाल्या, सावकाश सोडवणार असशील तर तिची गरज नाही.

आधी दुपारचं गेलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. दुपारी त्या वेळेला आत्ती तिला गच्चीवर पापड वाळत घालायला न्यायच्या, त्यातले निम्मे ओलेच खाल्ले जायचे. मग मध्यरात्रीचं. ते नवऱ्यानं अंगावर घेतलं. मी आतल्या खोलीत, तो नि चिमी बाहेर. पहिल्या काही रात्री ती रडली, तो तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायचा आणि जोतिबाला जाणाऱ्या सासनकाठीच्या गोष्टी सांगायचा, दर रात्री काठी आणखी उंच. दाराच्या आत मी उशी छातीशी धरून बसलेली, गाऊन पान्ह्यानं भिजलेला. राहिलं ते झोपतानाचं. तिथं आम्ही आकडे मोजायचो. पन्नासपर्यंत, मग तीसपर्यंत, मग वीस. ती स्वतःच मोजायची आणि चौदानंतर मुद्दाम पंधरा विसरायची, म्हणजे परत पहिल्यापासून. ऑक्टोबरात एका रात्री दहापर्यंत मोजून तिनंच तोंड पुसलं, कूस बदलली. दुसऱ्या रात्री मागितलं नाही. तिसऱ्या रात्री मागितलं, घेतलं, आणि म्हणाली, "येईना." तेच शेवटचं.

माझं शरीर मात्र एवढ्यात ऐकणारं नव्हतं. एका बाजूला गाठ आली. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून, बरं वाटेल एवढंच हातानं काढलं, गाठ विरली. जागा लाल झाली, ताप आला, तर थांबू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तशी वेळ आली नाही. पुढं कित्येक आठवडे दाबलं की थेंब यायचा. आणि मन उगीच खट्टू. भांडी घासताना डोळे भरून यायचे. पाजणं थांबलं की अंगातली संप्रेरकं खाली येतात, काही जणींना असं होतं, हे वाचलेलं असूनही आत्तींनी मला कोपऱ्यात गाठून "काय झालं सांग" म्हणून विचारलंच. त्यांच्यापुढं मी मोकळी रडले. त्यांनी आणखी कुठलाही प्रश्न न विचारता अळणीची वाटी आणून दिली, आता दुधासाठी नव्हे, म्हणाल्या, तुझ्यासाठी.

मंगळसूत्र अजून सुटलेलं नाही. झोपताना चिमीला वाट्या मुठीत लागतात. परवा दोरा परत तुटला, गुजरीत गाठवायला नेलं. गाठवणारा म्हणाला, ताई, एवढं ओढतंय कोण? म्हटलं, दुपदरी करा आणि गाठी घट्ट मारा, अजून वर्षभर तरी ओढाताण आहे. त्यानं सत्तर रुपये जास्त घेतले.